कुठल्या हातानं

आमच्या घरातली माणसं चारचौघांत बसली की बघणाऱ्याला वाटावं, सगळ्यांना एकदम खाज सुटली आहे. काका कानाची पाळी ओढतायत, चुलतबहीण हनुवटीवर अंगठा घासतेय, बाबा शांतपणे कोपर चोळतायत. कानाची पाळी म्हणजे 'हा माणूस माझं डोकं खातोय, सोडव'. हनुवटी म्हणजे 'भूक लागली'. आणि कोपर म्हणजे 'पुरे झालं, उठा आता, निघू या'. ही आमची हातबोली. बाबांकडच्या सगळ्यांना ती चालता-बोलता येऊ लागायच्या आधी यायची. आई ह्या घरात सून म्हणून आली आणि शेवटपर्यंत तिनं त्या प्रकाराला माकडचेष्टा म्हटलं. पण पाहुणे फार लांबले की तीही गुपचूप कोपर चोळायची, हे मी स्वतः पाहिलं आहे.

ही बोली आली कुठून, असं कुणी विचारलं की एकच उत्तर ठरलेलं होतं: आजीला ऐकू येत नव्हतं. बाबांची आई, म्हणजे माझी आजी, मी अगदी लहान असताना गेली. भिंतीवरच्या फोटोत ती ओठ घट्ट मिटून बसली आहे. आम्ही भावंडं तिला खडूस म्हणायचो. आजी बहिरी, म्हणून खुणा, विषय संपला. आमच्या घराण्यात कुणी कधी कशाच्या मुळाशी गेलं असं मला आठवत नाही. मीही गेले नसते.

बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलणंही गेलं. एकोणऐंशीव्या वर्षी माणूस सकाळी दाढी करायला बसतो आणि अर्धी दाढी झाल्यावर पुढचं सगळं थांबतं. डॉक्टर म्हणाले, शब्द आत असतील, नसतील, सांगता येत नाही; समजत किती असेल तेही सांगता येत नाही; आणि पुढचा झटका कधीही येऊ शकतो. एवढं बोलून त्यांनी हात वर केले. मी औषधाच्या दुकानात काम करते. डॉक्टर लोकांचं अक्षर वाचून माझं पोट भरतं. मुंगी शाईत पडून कागदावर चालावी तशी चिठ्ठी असली तरी मी ती एका नजरेत वाचते, आणि घरी माझ्या बापाला काय हवंय ते मला कळत नव्हतं.

बाबा मान हलवायचे. चहा हवा का म्हटलं की मान होकारार्थी हलायची. चहा नको का म्हटलं तरी तश्शीच हलायची. पण डावा हात चांगला होता, आणि हळूहळू त्या हाताला जुन्या खुणा आठवायला लागल्या. हनुवटीवर अंगठा आला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. वाटलं, आता निभेल. आमच्या घरात तोंडावाचून निभायची सोय आधीपासूनच केलेली होती.

मग ती खूण सुरू झाली.

मी संध्याकाळी दुकानातून आले, चपला काढल्या, की बाबा खुर्चीतून माझ्याकडे बघायचे. दोन बोटं जोडून खांद्याला लावायचे, आणि मग तळवा पालथा करून माझ्या दिशेनं पुढे सरकवायचे, टेबलाचा खण बंद करावा तसा. मग हात तसाच हवेत ठेवून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी पाणी दिलं, ते नव्हतं. शाल दिली, पंखा लावला, बंद केला, उशी बदलली. काही म्हणजे काही नाही. मी "हो हो बाबा" म्हणून मान डोलवायची आणि ते परत पहिल्यापासून खूण करायचे, जास्त सावकाश, ढ मुलाला समजावल्यासारखी. शेवटी डोळ्यांतून पाणी यायला लागायचं. रोज हेच. दिवसभर त्यांच्यापाशी एक बाई असायच्या. त्या म्हणाल्या, मलाही करतात, पण तुम्ही आल्यावर जास्त.

काका तर कधीच गेले होते. चुलतबहिणीला फोनवर खूण समजावून सांगितली, तिला माहीत नव्हती. धाकट्या भावाला व्हिडिओ पाठवला. तो दुसऱ्या शहरात असतो आणि दर रविवारी फोन करतो. त्यालाही कळेना. आमच्या हातबोलीत ही खूण नव्हतीच. म्हणजे ती त्यांच्याकडे आमच्याही आधीपासून होती, आणि ती कुठून आली हे शोधायचं तर आजीपर्यंत जावं लागणार होतं.

म्हणून मी आमच्या घराण्याचा इतिहास काढायला बसले. लोक हौस म्हणून काढतात. मला फक्त एवढं हवं होतं की दुसरा झटका यायच्या आत बापाचं एक वाक्य कळावं. भाऊ म्हणाला, "ताई, वंशावळ काढून काय राजघराणं निघणार आहे का आपलं?" मी म्हटलं, निघालं तर तुला गादीवर बसवते, आत्ता फोन ठेव.

राजघराणं निघालं नाही. आजी-आजोबा दोघंही कापडाच्या कारखान्यात मागावर होते, एवढं घरात ऐकून माहीत होतं. तो कारखाना पाडून तिथे आता फरशांचं मोठं दुकान झालंय. दाराशी उभ्या असलेल्या रखवालदाराला मी विचारलं, इथे आधी काय होतं, तर तो म्हणाला, पार्किंग. सरकारी दप्तरखान्यात दोन सुट्ट्या घालवल्या. तिथे आजीची नोकरीला लागल्याची नोंद मिळाली, खोली कुठे होती ते मिळालं, एका खोलीत किती माणसं राहत होती तेही मिळालं, आणि ते वाचून मला दिवसभर जेवण गेलं नाही. पण कागदात हात कुठे असतात? मागावर कसं उभं राहायचं, शेजारणीशी काय बोलायचं, ते कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. मी हात हलवत परत आले.

आणि मग शोधून न सापडलेली गोष्ट आपणहून दुकानात चालत आली. गर्दीची वेळ होती. रांगेत पुढे असलेले एक गृहस्थ आपल्या पित्ताची आद्यंत कहाणी मला ऐकवत होते. त्यांच्या मागे साठीचा एक माणूस उभा होता, त्याची बायको दाराशी. त्या माणसानं बायकोकडे बघितलं आणि कानाची पाळी ओढली. दोनदा, खाली, थोडी पिळून. अगदी आमच्यासारखी. मी काउंटर सोडून बाहेर आले आणि त्या परक्या माणसाला दंडाला धरून विचारलं, हे तुम्ही कुठे शिकलात? बिचारा घाबरला. त्याला वाटलं, त्याच्याकडून काही गुन्हा झाला. म्हणाला, माझी आई करते. त्याच्या हातात आईच्या श्रवणयंत्राच्या बॅटरीची चिठ्ठी होती. आई नव्वदीच्या पुढची, तरुणपणी मागावर होती.

त्याच रविवारी मी त्यांच्या घरी गेले. मी वाकून "आजी" म्हटलं आणि पहिल्याच घासाला खडा लागला. "आजी कुणाला म्हणतेस गं? तुझ्या आजीपुढे मी शेंबडी पोर होते." केसांना काळाभोर कलप, हातात आरसा, आणि डोळे असे की समोरच्याचं मोजमाप एका दमात घेतील. मी मावशी म्हणायचं ठरवलं. आजीचं वर्णन केलं, फोटो दाखवला. मावशींनी तो लांब धरला, जवळ धरला, आणि म्हणाल्या, ही माझी शेजारीण. तिच्या मागाला पाठ लावून माझा माग होता.

मग मावशी बोलत सुटल्या. श्रवणयंत्र त्यांनी बोलता बोलता काढून ठेवलं, त्यामुळे मला विचारायला वावच नव्हता. त्या शेडमध्ये एवढा आवाज असायचा की कानाशी तोंड नेऊन ओरडलं तरी ऐकू जायचं नाही. जमीन थरथरायची. घरी गेल्यावरही तळपाय थरथरत राहायचे. कापसाचं तूस केसांत, पापण्यांत, जेवणात. आणि धोट्यात, म्हणजे आडवा धागा घेऊन मागातून ये-जा करणाऱ्या लाकडी होडीत, सुताची नवीन कांडी घातली की धाग्याचं टोक धोट्याच्या बारीक भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. दिवसभर तेच. त्यानं पुढचे दात जायचे. "तुझ्या आजीचे पुढचे दोन तिशीच्या आत गेले. हसायला एवढं आवडायचं तिला, पण तोंडावर हात ठेवून हसायची." मी भिंतीवरचा फोटो आठवला. आम्ही तिला खडूस म्हणत होतो. आणि ती जन्माची बहिरी नव्हती, तिचे कान त्या मागांनी खाल्ले होते. खुणा ही बहिऱ्या म्हातारीसाठी घरच्यांनी काढलेली सोय नव्हती. ती अख्ख्या शेडची भाषा होती, आणि आजी ती पदराला बांधून घरी घेऊन आली होती.

मी मावशींच्या कानात यंत्र बसवलं आणि ती खूण करून दाखवली. दोन बोटं खांद्याला, तळवा पालथा, पुढे.

मावशींचा चेहरा एकदम बदलला. त्यांनी आरसा खाली ठेवला. "कुठल्या हातानं करतो?"

"डाव्या," मी म्हटलं. पाठ केलेलं उत्तर परीक्षेत यावं तसं पटकन म्हटलं.

"डाव्या म्हणजे, तू जा, तुझा माग मी बघतो," मावशी म्हणाल्या. "उजवा म्हणजे आपला, डावा म्हणजे समोरच्याचा. उजव्यानं केली तर, माझा माग बघ, मी जाते."

घरात ही खूण का आली नाही, ते मग त्यांनीच सांगितलं. घरी कुणाला माग सोडून जायचं असतं? ही खूण फक्त शेडमधली. बाबा पाच वर्षांचे असताना आजोबांनी अंथरूण धरलं होतं, म्हणून दुपारी शेजारची कुणीतरी मुलाला कारखान्यापाशी आणून सोडायची. शेडच्या भिंतीत जाळीची खिडकी होती. तो मुलगा जाळीला नाक लावून उभा राहायचा. आजी त्याला बघायची, मग वळून मावशींना खूण करायची: माझा माग बघ, मी जाते. मावशींनी जबाब दिला की ती हात पुसत बाहेर यायची, मुलाला उचलायची, दोन घास भरवायची. जबाबाशिवाय माग सोडता यायचा नाही. सोडला आणि धागा तुटला तर कापड फुकट, नोकरीही फुकट.

मी विचारलं, जबाब म्हणजे काय, मान हलवायची? मावशी हसल्या. माग चालला की सगळ्यांचीच मान डुलते, ती कोण धरणार? जबाब म्हणजे तळवा छातीवर, दोनदा. ठाप, ठाप. तो एकदा दिला की ती परत येईपर्यंत तिचा माग आपला.

"कधीकधी मी मुद्दाम उशीर करायचे," मावशी म्हणाल्या. "सतरा वर्षांची होते, अंगात मस्ती होती. तुझा बाप जाळीतून माझ्या हाताकडे बघत बसायचा. आईकडे नाही, माझ्या हाताकडे. त्याला कळलेलं होतं, हिचा हात छातीवर गेला की आई सुटते. रडवेला व्हायचा अगदी. मग द्यायचे."

आता ऐकणाऱ्याच्या कदाचित एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. मी त्या घरातून निघाले ती हवेत तरंगत. तू जा, मी बघतो! माझा बाप रोज संध्याकाळी मला तेच सांगत होता. मी लग्न केलं नाही, तो वेगळा विषय आहे. पण आईचं आजारपण, मग बाबांचं निवृत्त होऊन एकटं पडणं, मग हा झटका, ह्यात माझी पन्नाशी उलटून गेली, आणि ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. मला वाटायचं, त्यांच्या लक्षातही आलं नसेल. आणि आता ते दमून आलेल्या मुलीला सांगत होते, जा, थोडी मोकळी हो, इकडचं मी सांभाळतो. रस्त्यानं मी चक्क गुणगुणत चालले होते. भावाला फोन केला तर तोही हेलावला. म्हणाला, ताई, बाबांनी स्वतः सुट्टी मंजूर केलीय, घे आता, ये इकडे.

घरी येऊन मी बाबांच्या समोर बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हटलं, कळलं बाबा, कळलं मला. ते माझ्याकडे बघत राहिले. मग खूण केली. मी हसून मान डोलवली. परत केली. मी परत डोलवली.

पुढच्या महिन्यात मी खरंच गेले. भावाच्या नव्या घरी शनिवार-रविवार राहिले, उशिरापर्यंत झोपले, वहिनीबरोबर दुकानं फिरले, स्वतःसाठी चपला घेतल्या. दिवसाच्या बाई त्या दोन दिवसांपुरत्या आमच्याकडे राहिल्या. परत आले तेव्हा त्या दारातच म्हणाल्या, तुम्ही गेल्यापासून थांबले नाहीत ते. मला करतायत, दूधवाल्याला केली, कुणी नसलं तर भिंतीला करतायत. बाबांचा चेहरा उतरला होता. मला बघितलं आणि बोटं खांद्याकडे निघाली.

मी सामान खाली ठेवलं. मनात आलं, भिंतीला कोण सांगतं, तू जा म्हणून?

तेवढ्यात त्यांना उजव्या कानाला खाज आली. खूण अर्धीच टाकून त्यांचा डावा हात डोक्यावरून फिरून पलीकडे गेला आणि उजवा कान खाजवायला लागला. वाकडा, अवघडलेला, पण दुसरा होताच कुठे? उजवा मांडीवर पडला होता, मीच सकाळ-संध्याकाळ तेल लावून चोळायचे तो.

कुठल्या हातानं करतो, असं मावशींनी विचारलं होतं. मी डाव्या म्हणाले होते. डावा, कारण एकच हात होता. एका हाताच्या माणसाचं आपलं आणि समोरच्याचं एकाच हातानं होतं.

मी त्यांच्यासमोर खाली बसले. त्यांचा उजवा हात उचलला. केवढा जड झाला होता. त्याची दोन बोटं जुळवून त्यांच्या खांद्याला लावली, मग तळवा पालथा करून माझ्याकडे पुढे सरकवला आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं. इतक्या महिन्यांत बाबा असे कधी रडले नव्हते. आवाज करून रडले, आणि रडता रडता त्यांच्या चेहऱ्यावर एवढी सुटका दिसत होती की मला ती बघवेना. डाव्या हातानं त्यांनी माझा खांदा थोपटला. ढ मुलीला शेवटी आलं, अशा अर्थानं.

माझा माग बघ. मी जातो.

आणि मग हात खाली करून ते माझ्या हाताकडे बघायला लागले. तोंडाकडे नाही, हाताकडे.

मी उठले. चहा टाकते म्हटलं आणि आत गेले. मला जबाब द्यायचा नव्हता. हे स्वच्छच सांगते, उगाच शहाणपणाचा आव आणण्यात अर्थ नाही. मला बाप हवा होता. न बोलणारा, मान डोलवणारा, अंथरुणात ओलं करणारा, कसाही चालला असता. संध्याकाळी दार उघडलं की खुर्चीत कुणीतरी हवं होतं. एवढे महिने मी जी खूण उलगडावी म्हणून जिवाचं रान केलं, ती उलगडल्यावर मला वाटलं, फरशांच्या दुकानातून परत आले तेव्हाच गप्प बसले असते तर बरं झालं असतं.

नंतरचे दिवस मी पळ काढत काढले. दुकानात उशिरापर्यंत थांबायचे, कारण नसताना कपाटं आवरायचे. घरी आले की बाबांच्या मागून जायचे, खुर्ची खिडकीकडे वळवून ठेवायचे. ते मान वळवून बघायचे आणि वाट पाहायचे. आता रडत नव्हते. आता त्यांना माहीत होतं की मला कळलंय, फक्त मी द्यायचा उशीर करतेय. मला मावशी आठवायच्या, सतरा वर्षांच्या, अंगात मस्ती असलेल्या. त्यांनी मजा म्हणून केलं होतं. मी भीतीनं करत होते, पण जाळीतल्या मुलाला त्यानं काय फरक पडत होता?

भावाला सांगितलं. मग तो म्हणाला, "मी येईपर्यंत देऊ नकोस, ताई." तो आला. बाबांच्या शेजारी बसला, त्यांची नखं कापली, अर्धी राहिलेली ती दाढी झटक्यानंतर कितीतरी वेळा झाली होती, तरी पुन्हा नीट केली. बाबांनी त्यालाही खूण केली. तो तसाच उठून स्वयंपाकघरात गेला आणि धुतलेले कप परत धुवायला लागला. निघताना दारात म्हणाला, माझ्याच्यानं नाही होणार. तू मोठी आहेस. लहानपणी चूक त्याची असली तरी बोलणी मी खायची, ती अशीच मोठी आहे म्हणून.

तो गेला त्या संध्याकाळी मी दिवा लावला आणि बाबांची खुर्ची माझ्याकडे वळवली. त्यांचे पाय बारीक झाले होते, पायमोजे घोट्यापाशी गोळा होऊन पडले होते. ते मी वर ओढले. शर्टाचं वरचं बटण लावलं. अजून काय करता येईल ते शोधत होते, पण सगळं झालेलं होतं. बाबांनी दोन बोटं खांद्याला लावली आणि तळवा माझ्याकडे सरकवला. घाई नाही, राग नाही.

मी म्हटलं, "बाबा, नाही गेलात तर नाही का चालणार?"

त्यांनी मान हलवली. ती मान धरायची नसते, हे आता मला माहीत होतं.

मी तळवा छातीवर ठेवला आणि दोनदा आपटला. ठाप, ठाप. दुसऱ्यांदा हात छातीवरून उचलवेना. तसाच राहिला.

बाबांचा हात मांडीवर आला. त्यांनी एक मोठा श्वास सोडला, आणि माझ्यावरची नजर काढून माझ्या खांद्यावरून पलीकडे, दाराकडे नेली. मी वळून बघितलं. दार बंद होतं.

ती खूण त्यांनी परत केली नाही. जेवायचे, झोपायचे, एकदा तर दिवसाच्या बाईंसमोर कानाची पाळीसुद्धा ओढली, त्या कुणाचंतरी गाऱ्हाणं सांगत होत्या तेव्हा. मला वेडी आशा वाटायला लागली की काही होणार नाही, जबाब मिळाला एवढंच त्यांना पुरेसं होतं. पुढच्याच आठवड्यात एका दुपारी, मी दुकानात कुणाचीतरी चिठ्ठी वाचत असताना, दुसरा झटका आला. मी पोहोचले तेव्हा सगळं झालं होतं.

बाई रडत होत्या. त्यांना एकच गोष्ट सारखी सांगायची होती. त्रास काही झाला नाही, ताई. जेवण झाल्यापासून दाराकडेच डोळे लागले होते त्यांचे. आई यायच्या वेळेला पोर असतं ना, तसे खुशीत दिसत होते. मीच म्हटलं त्यांना, बाबा, एवढी काय वाट बघताय, ताई संध्याकाळी येतील ना.

मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. ते माझी वाट बघत नव्हते, हे मी त्यांना सांगितलं नाही.